शेरा : हसतमुख

दि. ३ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कान तपासून घेतलेत आणि यंत्र बसवायला साफ नकार दिलात, हे मामीने वेगळं कळवलंय, तेव्हा पुढच्या पत्रात ते लपवायचा खटाटोप करू नका. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी तुमच्या शेजाऱ्यांना कळतं आणि मग तुम्हाला. म्हणून मी आपली पत्रंच लिहीन. पेशंटचं नाव पत्रात घालायचं नाही, कामावरून ओळख द्यायची, ही तुमची शिस्तही पाळीन.

दवाखाना ठीक चाललाय. तुमची खुर्ची मी खिडकीकडे वळवली. बाहेरच्या टेबलावरच्या ताई अजून प्रत्येकाला सांगतात की मोठे डॉक्टर आता इथे नसतात, ही त्यांची भाची, पण शिकलेली आहे. हा 'पण' कशासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता कामाचं. हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या बाई तुम्हाला आठवत असतील. वय चव्वेचाळीस, नऊ वर्षं दर दीड महिन्याने तुमच्याकडे यायच्या. निदान अस्वस्थतेचा विकार, गोळीचा डोस तीनदा वाढवलेला. केसपेपरवर जवळजवळ प्रत्येक भेटीखाली तुमचा एकच शेरा आहे : हसतमुख. माझ्याकडे त्या तीनदा आल्या, तीनदा हसल्या आणि मी तीनदा त्याच गोळ्या लिहून दिल्या.

मागच्या शनिवारी मी लॉंड्रीत कपडे आणायला गेले तर त्या काउंटरपाशी उभ्या. मी ओळखीचं हसले. त्यांनी माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं, गठ्ठा उचलला आणि निघून गेल्या. मला वाटलं, आपलं काही चुकलं. मंगळवारी त्या दवाखान्यात आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाहेर भेटल्यावर काय म्हणायचं, ते मी तयार केलं नव्हतं."

मामा, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं, आणखी काय काय तयार करावं लागतं. त्या म्हणाल्या की सगळंच. नमस्काराची वाक्यं, हवापाण्याची वाक्यं, समोरच्याने विनोद केला तर किती हसायचं. डोळ्यांत बघितलं की शब्द पळून जातात, म्हणून त्या दोन भुवयांच्या मध्ये बघतात. कामाची पाळी संपली की कपडे बदलायच्या खोलीत दिवा बंद करून, कानांवर टॉवेल दाबून चाळीस मिनिटं बसतात, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडातून शब्द फुटत नाही. तुमच्या कागदावर याला 'थकवा' म्हटलंय.

मला ऑटिझमची शंका येते आहे. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता, म्हणून तुमचं मत हवंय.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवलात तर माझी हरकत नाही.

तुमची,
ठकी

~

दि. ११ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची खिडकीकडे वळवलीस ते बरं केलंस. मला कधी सुचलं नाही.

तुझी शंका वाचली. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. तुमच्या पिढीने ऑटिझमवर चार परिषदा ऐकल्या की दारात उभं राहणारं प्रत्येक माणूस त्यात बसवायला बघता. रागावू नकोस, मीही तुझ्या वयात हेच करत होतो, फक्त तेव्हा आजार दुसरा होता.

मी या आजाराची मुलं पाहिली आहेत. बोलत नाहीत, हाक मारली तर वळत नाहीत, एकच चाक तासभर फिरवत बसतात. या बाई अठरा वर्षं हॉटेलच्या दारात उभ्या राहून लोकांचं स्वागत करतायत. नजरेला नजर देतात. विनोद कळतो त्यांना. माझा गुडघा दुखायला लागला त्या वर्षापासून एकाही भेटीत त्याची चौकशी करायला चुकल्या नाहीत, आणि माझ्या सख्ख्या भाचीने ती दोनदाच केली. ज्या बाईला दुसऱ्याच्या दुखण्याची एवढी जाण आहे तिला स्वमग्न म्हणायचं?

लॉंड्रीत ओळख न दाखवणं हा आजार असेल तर आमच्या गल्लीतले निम्मे लोक दाखल करावे लागतील.

गोळीने त्यांना बरं वाटत होतं. त्या स्वतः तसं म्हणायच्या. तरी मुद्दाम घाईने काही बदलू नकोस. सावकाश बघ.

इकडे मी कुंपणाशी घेवडा लावला आहे. तुझी मामी म्हणते मी पेशंटांइतकीच त्याचीही रोज नाडी बघतो.

मामाचा राग मानू नये आणि मामाला विसरूही नये.

तुझा,
मामा

~

दि. २४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सावकाश बघ म्हणालात, तसंच बघितलं. दीड-दीड तासाच्या तीन बैठका झाल्या. चौथी माझ्या शिक्षिकेकडे, त्यांनी पंधरा वर्षं मोठ्या माणसांमधलाच ऑटिझम पाहिला आहे. तिसऱ्या बैठकीला मी बाईंच्या थोरल्या बहिणीला बोलावलं, कारण लहानपणाचं सांगू शकेल असं तेवढंच माणूस उरलंय. त्या शिवणकाम शिकवतात, बाईंच्या घराच्या वरच्याच मजल्यावर राहतात. पुढचं सगळं बाईंना विचारून तुम्हाला लिहिते आहे.

बहिणीने सुरुवातीलाच सांगितलं की हिचा कुणाला कधी त्रास झाला नाही, शाळेतून एक तक्रार नाही, पोर अगदी गुणी. मग हळूहळू एकेक निघत गेलं. मधल्या सुट्टीत ही एका ठरावीक मुलीच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून उभी राहायची. त्या मुलीसारखा भांग, तिच्यासारखं अक्षर, तिच्यासारखं हसू. ती मुलगी शाळा सोडून गेली तेव्हा ही तीन आठवडे अंथरुणाला खिळली, आणि उठल्यावर दुसरी मुलगी निवडली. घरी आली की खाटेखाली ट्रंकेच्या मागे जाऊन पडायची. आई जेवणाचं ताट खालून सरकवायची. बहिणीला वाटायचं खेळ आहे. एकच कादंबरी तिने एकतीस वेळा वाचली. सगळे म्हणायचे वाचनाची आवड आहे. ती वाचत होती ते कोण कुणाला काय म्हणतं ते पाठ करण्यासाठी.

यात चाक फिरवणारं मूल कुठेच नाही, मामा. म्हणूनच ते कुणाला दिसलं नाही. आम्ही भरून घेतो त्या प्रश्नावलीतही ते निसटलं असतं. 'माणसांत राहायला आवडतं का' यावर त्यांनी 'हो' लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, आवडतं का एवढंच विचारलंय, त्यानंतर काय होतं ते कुठे विचारलंय.

तुम्ही 'स्वमग्न' शब्दावर बोट ठेवलंत ते मात्र बरोबर. हा शब्दच आपल्याला चकवतो. ही बाई दिवसभर स्वतःत नसतेच, ती समोरच्यात बुडालेली असते. कोण काय बोलेल, कधी हसावं लागेल, हात कुठे ठेवायचा. स्वतःकडे बघायला तिला कपडे बदलायच्या खोलीतली ती चाळीस मिनिटंच मिळतात.

एक गोष्ट लिहावी की नको यावर दोन दिवस घालवले. त्यांच्याकडे एक वही आहे. कुणाला भेटल्यावर काय विचारायचं ते तीत लिहिलेलं असतं. तुमच्या नावापुढे आहे : गुडघा. विचारणे. बसल्यावर लगेच नाही, गोळ्यांचं बोलणं झाल्यावर.

आता अडचणीचं. हॉटेलात नवे व्यवस्थापक आले. त्यांनी स्वागतकक्षातलं लांबलचक लाकडी काउंटर काढून टाकलं, तिथे सोफे ठेवले आणि सगळ्यांना सांगितलं की पाहुण्यांमध्ये मोकळेपणाने फिरा, मनात येईल ते बोला. बाईंचं सगळं काम त्या काउंटरच्या आधारावर उभं होतं. आता त्या जिथे काउंटर होतं तिथेच उभ्या राहतात. एका पाहुण्याला त्यांनी तेच वाक्य तीनदा म्हटलं, त्याने तक्रार केली. त्यांना कामासाठी अयोग्य ठरवायचं चाललंय. मी निदान लिहून द्यायची तयारी दाखवली. कुणाकुणाला कळलेलं चालेल, यावर त्यांनी चार दिवस विचार केला आणि फक्त हॉटेलचे डॉक्टर आणि व्यवस्थापक, एवढ्याला होकार दिला. पण ते डॉक्टर म्हणतात, नऊ वर्षं एक निदान आणि नोकरीवर गदा आल्यावर दुसरं, यातलं खरं कोणतं ते आधीच्या डॉक्टरांनी लेखी द्यावं. मुदत वीस जुलै.

म्हणजे तुम्ही, मामा.

मायेत खंड पडू देऊ नका, उत्तरातही.

तुमची,
ठकी

~

दि. २ जुलै

चि. ठकीस,
अ. आ.

पत्र पोचलं. सवडीने लिहितो.

मामा

~

दि. ८ जुलै

चि. ठकीस,
सौ. मामीचे अनेक आशीर्वाद.

अगं, तू काय लिहिलंस त्या पत्रात? मी वाचलं नव्हतं, आज वाचलं, ह्यांच्या उशीखालून काढून. मला बोल लावायचा तर लाव.

पत्र आलं त्या दिवसापासून घरात शब्द नाही. माळ्यावरच्या पेटीतून जुन्या वह्या काढल्यात, त्या ज्यांत हे घरी आल्यावर दवाखान्याचं टिपून ठेवायचे. दुपारभर भिंग घेऊन वाचत बसतात. घेवड्याला दोन दिवस पाणी नाही, शेवटी मीच घातलं. विचारलं तर म्हणतात काही नाही. माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, ह्यांचं 'काही नाही' तीन दिवसांच्या वर गेलं की काहीतरी असतं.

निदान चुकलं ते ह्यांना लागलंय, पण त्याहून जास्त तो गुडघा लागलाय. काल जेवताना एकदम म्हणाले, मला वाटायचं तिला माझ्याबद्दल आपुलकी आहे, तर ते कागदावर लिहिलेलं काम होतं. मग ताटातलं तसंच ठेवून उठले. वय झालं की माणसाचं असंच होतं बघ, चुकलं म्हणून सांगितलेलं पचतं, पण कुणाला आपण नको होतो असं वाटलं की घास उतरत नाही.

आणि मला एक सांग, कारण मला खरंच कळत नाही. पाहुण्यांसमोर मीही जन्मभर हसले. नको असलेली माणसं दारात आली तरी या या म्हटलं. तोंडदेखलं कोण वागत नाही? मग मलाही तेच झालंय का?

हॉटेलच्या डॉक्टरांना द्यायच्या पत्राचं मी ह्यांना काही म्हणणार नाही. ह्यांना ढकललं की हे हटून बसतात, तू ओळखतेस. पण तू डॉक्टरीणबाई होऊन लिहू नकोस. भाची होऊन लिही.

स्वतःला जप, जेवणाच्या वेळा पाळ. आमच्यावर जीव आहे तसा असू दे.

तुझी,
मामी

~

दि. १४ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीला आधी उत्तर देते, तिला वाचून दाखवा. तोंडदेखलं सगळेच वागतात, मामी, पण पाहुणे गेल्यावर तू दार लावून घ्यायचीस आणि त्यांच्या नकला करून आम्हाला हसवायचीस. तुझं दमणं तिथे संपायचं. या बाईंचं तिथे सुरू होतं. आणि तुला कुणी शिकवलं नव्हतं कधी हसायचं ते. त्यांनी ते शब्दाशब्दाने पाठ केलंय. पायऱ्या सगळेच चढतात. कुणाला दर पायरी मोजावी लागते.

मामा, मी त्या वहीचं अर्धंच लिहिलं होतं, आणि ते चुकीचं झालं. मी स्वतःही अर्धंच विचारलं होतं. तुमची शांतता बघून परवा बाईंना विचारलं की वहीत सगळ्यांचं लिहिता का. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाल्या, "ज्यांची काळजी वाटत नाही त्यांचं मी लिहीत नाही. लिहिलं नाही तर योग्य वेळी विचारायचं राहून जातं, आणि मग घरी गेल्यावर ते दुखणं माझ्याच डोक्यात राहतं." व्यवस्थापकांचं पान त्यात नाही. माझं आहे, मार्चपासून. मला सर्दी होती ना, तिची चौकशी.

भाची म्हणून आणखी एक सांगते. मीही तीनदा त्याच गोळ्या दिल्या. त्या लॉंड्रीत दिसल्या नसत्या तर चौथ्यांदाही दिल्या असत्या, आणि तुमच्यासारखाच शेरा मारला असता. आपल्याला बघायला शिकवलं ते असं, की समोर कमी काय आहे ते शोधा. इथे कमी काहीच दिसत नाही. जे दिसतं त्याची किंमत त्यांना किती पडते, हे आपण दोघांनीही विचारलं नाही.

मुदत वीसची आहे. तुम्ही लिहिणार नसाल तर तसं कळवा, मी माझ्याच पत्रावर लढेन. पण तुमच्या अक्षरातल्या चार ओळी माझ्या चार पानांना भारी आहेत.

माझ्यावर रुसा, पण लोभ काढून घेऊ नका.

तुमची,
ठकी

~

दि. १७ जुलै

चि. ठकीस,
अ. आ.

शेजारचे मास्तर उद्या पहाटेच्या गाडीने तिकडे येतायत, त्यांच्या हाती हे पाठवतो. टपालावर विसंबून राहायची ही वेळ नव्हे.

वह्या वाचल्या. या बाईंची पहिली भेट नऊ वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली. दवाखान्याच्या कागदावर मी काय लिहिलं ते तू पाहिलंच आहेस. घरच्या वहीत मात्र त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत टिपलेलं आहे. ते असं : "मला वाटतं मी रोज माणसासारखं वागायचा सराव करते, आणि एक दिवस मला तो जमणार नाही." त्याखाली माझ्या अक्षरात : कल्पनाशक्ती चांगली. हसतमुख.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. त्या पहिल्याच दिवशी सरळ भाषेत सांगत होत्या आणि मी शैलीचं कौतुक करत होतो. मला आठवतं, मी हसलोही होतो. मी हसलो म्हणून त्याही हसल्या असणार.

पुढे डोस वाढवला तो तीनही वेळा त्यांनी 'बरं आहे' म्हटल्यावर. बरं आहे म्हणतात आणि तरी हात थरथरतात, म्हणून थोडी वाढवू, असा माझा हिशेब. बरं आहे हेही त्यांच्या तयार वाक्यांतलंच, हे आज कळतंय.

तुझ्या आधीच्या पत्राचा मला राग आला होता. कावीळ कुणाला झाली होती ते आता तू ठरव. सोबतचा कागद हॉटेलच्या डॉक्टरांना दे. शब्द बदलू नकोस. तुझ्या मामीने वाचून तिसरी ओळ काढायला सांगितली होती, मी ठेवली आहे.

'मी या बाईंवर नऊ वर्षं उपचार केले. माझं निदान अस्वस्थतेचा विकार असं होतं. त्या नजर देतात, नीट बोलतात, हसतात, एवढ्यावरून मी ऑटिझमचा विचारच केला नाही, ही माझी चूक. त्यांनी काहीही लपवलेलं नव्हतं, पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, नोंदीची प्रत जोडली आहे. अस्वस्थता खरी होती, तिचं मूळ मी शोधलं नाही. सध्याच्या डॉक्टरांचं निदान मी माझ्या नोंदींशी ताडून पाहिलं असून ते मला पूर्ण मान्य आहे. उभं राहायची जागा आणि बोलायची पद्धत ठरावीक असेल, तर मागची अठरा वर्षं केलं तसं काम त्या पुढेही करू शकतील.'

प्रत जोडायला त्यांची परवानगी लागेल. नाही म्हणाल्या तर ती ओळ काढ, तेवढी एकच मुभा देतो.

गोळ्या एकदम थांबवू नकोस. पाव-पाव कमी कर, प्रत्येक टप्प्याला तीन आठवडे दे. हे तुला माहीत आहे, मलाच लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि त्यांना भेटायचं आहे, त्यांची इच्छा असेल तर. मी काय बोलणार आहे ते त्यांना आधी कळव. आयत्या वेळी नको.

मामावर माया असू दे, भरवसा बघून ठेव.

तुझा,
मामा

~

दि. ९ ऑगस्ट

ती. मामीस,
शि. सा. न.

मामा परत आल्यावर काही सांगणार नाहीत म्हणून हे पत्र तुला. त्यांनी काय केलं, ते तुला कळायला हवं.

आधी हॉटेलचं. मामांचा कागद वाचून तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मान्यता दिली. मला म्हणाले, आपली चूक अशी लिहून देणारा डॉक्टर त्यांनी कारकिर्दीत पाहिला नव्हता. व्यवस्थापकांनी काउंटर काही परत बसवलं नाही. प्रवेशाजवळच्या खांबाला लागून एक उंच मेज दिलंय, त्यावर येणाऱ्या पाहुण्यांची यादी असते. सकाळचे दोन तास बाई तिथे उभ्या राहतात, बाकी वेळ आतल्या खोलीत आरक्षणाची पत्रं आणि बदल बघतात. बैठकीत व्यवस्थापक म्हणाले की तुमच्याकडे बघून तर काहीच वाटत नाही. बाईंनी उत्तराला एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी एक पान लिहून दिलं. त्या पानात काय होतं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पदाचं नाव खाली आलं, याचं त्यांना वाईट वाटतं. ते मी गोड करून सांगत नाही.

गोळी निम्म्यावर येतेय. हात कमी थरथरतो. कपडे बदलायच्या खोलीतली चाळीस मिनिटं आता पंचवीसवर आलीत, आणि बहिणीला कळल्यापासून संध्याकाळी तिच्याकडून खाली एक चिठ्ठी येते, बोलायला कुणी येत नाही. बहीण रडली होती. म्हणाली, मी वर्षानुवर्षं रोज खाली जाऊन गप्पा मारायचे, एकटी आहे म्हणून.

आता परवाचं. मामा सकाळी अकरा वाजता पोचले. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवत होते, ते बसले नाहीत, पेशंटच्या बाकावर बसले. बाई आल्या. मामा काय बोलणार ते मी आधीच कळवलं होतं, तरी मामा तेवढंच बोलले याचं मला आश्चर्य वाटलं, कारण तुला माहीत आहे, त्यांचं एक वाक्य कधी एका वाक्यात संपत नाही. म्हणाले, "तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

 बाईंनी माझ्याकडे नाही, मामांकडेच बघून विचारलं, "यावर काय म्हणायचं असतं?"

"काही म्हटलं नाही तरी चालतं," मामा म्हणाले.

मामी, मग मामा खरोखर गप्प बसले. विनोद नाही, हवापाणी नाही, घशातली ती खाकरही नाही. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते, अकरा मिनिटं. अकरा मिनिटांनी बाई बोलायला लागल्या, खिडकीकडे बघत. म्हणाल्या की तिसऱ्यांदा डोस वाढवल्यावर त्यांना दोन वर्षं एकही पुस्तक पूर्ण वाचता आलं नाही. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटायची. त्यांना वाटलं, आता आपलं डोकंही गेलं. त्याचा त्यांना राग आहे. हा राग न दाखवण्याची त्यांनी घरी तयारी केली होती, पण आता ती वापरणार नाहीत. हे सगळं इतक्या सपाट आवाजात, की बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं खोलीचं आरक्षण चाललंय.

मामांनी बाजू मांडली नाही. फक्त मान हलवली आणि विचारलं, आता वाचता येतं का. त्या म्हणाल्या की मागच्या आठवड्यात सत्तर पानं झाली. मग उठल्या आणि निघून गेल्या. हसल्या नाहीत. निरोपाचं वाक्यही नाही. दार हळूच लावलं.

मी जरा धास्तावले, की मामांना आता काय वाटलं असेल. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, नऊ वर्षं आली, पण चेहरा आज पाहिला.  तेव्हा घरी गप्प असतील तर यावेळी घाबरू नकोस, आणि उशीखाली हात घालू नकोस.

तुझ्या मायेवर माझा कायमचा हक्क आहे, तो तसाच राखून ठेव.

तुझी,
ठकी

~

दि. १९ सप्टेंबर

चि. ठकीस,
अ. आ.

कानाचं यंत्र बसवलं. आता कळतंय की तुझी मामी गेली चार वर्षं माझ्यावर बरंच काही पुटपुटत होती.

वह्यांचं काम संपलं. एकूण चौदा वह्या. अस्वस्थता, उदासी, नसता हट्ट, नाजूक स्वभाव, असली लेबलं लावून मी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या बायकांत आणखी तिघी निघाल्या, जिथे मला आज थांबून पुन्हा विचारावंसं वाटतं. तिघीही शांत, तिघींबद्दलही कुणाची तक्रार नाही. खात्री नाही, शंका आहे, एवढंच. तू सुचवलंस तसं लिहिलं : दवाखान्याचं नाव नसलेलं साधं पाकीट, आत निदानाचा शब्द नाही, फक्त इतकंच की तुमच्या त्रासाकडे मी एका बाजूनेच पाहिलं असावं, इच्छा असेल तर माझ्या भाचीला जरूर भेटा, नसेल तर या पत्राला उत्तरही देऊ नका.

पहिली, जी नकाशे काढायच्या कचेरीत होती, तिने तुझ्याकडे वेळ घेतली आहे म्हणे. तिला उजेड सहन होत नाही, खिडकीचा पडदा ओढून ठेव. मी याला लहर म्हणायचो.

दुसरीचं पाकीट परत आलं. पत्ता बदलला आहे, नवा कुणाला माहीत नाही.

तिसरी शाळेत शिकवायची. आता वय अडुसष्ट. तिचं उत्तर आलं, एका ओळीचं : आता कशाला?

या ओळीला काय लिहायचं ते मला कळत नाही. चार मसुदे फाडले. पहिल्यात मी तिला समजावत होतो, दुसऱ्यात माफी मागताना स्वतःबद्दलच बोलत होतो, तिसऱ्यात उगाच आशा दाखवत होतो, चौथा तुझ्या मामीने फाडला. पाचवा सोबत आहे. त्यात एवढंच लिहिलंय की तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण 'नाजूक स्वभाव' हा शब्द तुमच्या कागदावर मी लिहिला होता, तो मी आज खोडला आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

वाचून सांग, पाठवू का. घाई नाही, पण ती अडुसष्टची आहे आणि मी चौऱ्याहत्तरचा, एवढं लक्षात ठेव.

लोभ ठेव. चूक दिसली तर तो बाजूला ठेवून सांग.

तुझा,
मामा